शेवटच्या मुलीच्या मागे

"पळायचं न्हाई."

पळायला शिकवणाऱ्या बाईचं हे पहिलं वाक्य. रविवारी सकाळी सहाला, आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या तळ्याच्या बांधावर, नवे बूट घालून तयार उभ्या असलेल्या मुलांना त्या हेच सांगायच्या. "पळायचं न्हाई. बूट काढा. आधी चाला. माती कुठं मऊ हाय, कुठं फसवतीया, ते पायाला कळू दे. पळणं काय, मागनं येतंय आपोआप." आणि हात पाठीशी बांधून स्वतः अनवाणी चालू लागायच्या. शेतावर चक्कर मारायला निघालेल्या माणसासारख्या, सावकाश.

सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथेही मी तेवढंच म्हणणार आहे.

बंगळुरूच्या सर्जापूर रोडला जे राहतात त्यांनी हे दृश्य पाहिलेलं असेल. पुढे काचेच्या गॅलऱ्यांच्या वीस-वीस मजली इमारती, आणि मागचं फाटक ओलांडलं की जुन्या गावाचा उरलेला तुकडा: इस्त्रीची गाडी, पत्र्याच्या खोल्या, निम्मं बुजलेलं तळं आणि त्यापलीकडे निलगिरीची झाडी. अक्का त्या मागच्या तुकड्यात एका खोलीत एकट्या राहायच्या. जवळच्या एका शाळेत त्या पीटी टीचर होत्या. मूळच्या खानापूरकडच्या, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही आईच्या दुधाबरोबर आलेल्या. त्या बाजूच्या बऱ्याच बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. उंची बेताची, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि पोटऱ्या अशा की आमच्या जिममधल्या पोरांनी मान खाली घालावी.

शहरात याला ट्रेल रनिंग म्हणतात. डांबर सोडून माती, खडक, झाडी यांच्यातून पळायचं. त्याचे बूट मिळतात, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या मिळतात, शर्यती असतात. अक्कांकडे यातलं काहीच नव्हतं. वीसेक मुलं होती. निम्मी आमच्या इमारतींतली, निम्मी इमारतींत झाडलोट, स्वयंपाक, ड्रायव्हरकी करणाऱ्यांची. महिन्यातून एकदा शाळेची व्हॅन मागून घेऊन त्या सगळ्यांना शहराबाहेरच्या एखाद्या टेकडीवर न्यायच्या.

माझा मुलगा अद्वैत तेव्हा चौदा वर्षांचा होता. खोलीचं दार लावून बसायचा. जेवायला बोलवायचं तर आम्ही स्वयंपाकघरातून त्याला मेसेज करायचो, आणि तोही "५ मि" असं उत्तर पाठवायचा. भाजीच्या गाडीवर माझ्या बायकोची आणि अक्कांची ओळख झाली आणि पुढच्याच रविवारी तिने त्याला जवळपास ढकलतच बांधावर नेऊन सोडला.

तो घरी आला तो चिखलाने माखलेला. "एक तास फक्त चाललो. त्या बाईला काही येत नाही," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी साडेपाचला मी पाणी प्यायला उठलो, तर हा अंधारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गेला नसता.

अक्कांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा असायचा. पळण्याआधी सगळ्यांची घड्याळं त्या डब्यात जमा. "किती वाजले ते सूर्याला ठावं हाय. तुमी खाली बघा," असं म्हणून त्या झाकण लावायच्या. आठवड्याचे बाकी दिवस त्याच डब्यात त्यांची लसणीची चटणी असे. माझं नवंकोरं स्मार्ट घड्याळ पहिल्यांदा त्यात गेलं, त्यानंतर आठवडाभर मीटिंगमध्ये हात वर केला की शेजारचा सहकारी नाक वर करून विचारायचा, "कुणी डब्यात लसूण आणलाय का?"

होय, मीही जाऊ लागलो होतो. मुलाला सोडायला जायचं निमित्त, मग थोडं चालणं, मग त्यांच्यामागे धापा टाकत पळणं. माझ्या वयाच्या पोट सुटलेल्या माणसाला अक्का काही बोलल्या नाहीत. नुसतं एकदा माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कानडीतलं 'बरं' म्हणाल्या, "सरी. असू दे."

रेणुका त्या मुलांतली एक. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या गंगव्वाची मुलगी. गंगव्वा अथणीकडची, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन बंगळुरूला आलेली. रेणुका अद्वैतच्याच वयाची, सरकारी शाळेत नववीत. आमच्या घरी आली की फ्रिजच्या आडोशाला उभी राहायची आणि नाव विचारलं तर आईकडे बघायची. दहावी झाली की तिला सी विंगमधल्या एका घरी तान्हं बाळ सांभाळायला ठेवायचं, असं गंगव्वाचं ठरलेलंच होतं.

अक्कांनी गंगव्वाला जिन्यात गाठलं. मी तिथेच लिफ्टची वाट बघत उभा होतो.

"पोरगी रविवारची मला दे."

"पळून काय मिळतंय अक्का?"

"काय मिळत न्हाई. दे."

तेवढ्यावर गंगव्वाने मुलगी दिली. का दिली ते तिलाही सांगता आलं नसतं.

चढावर रेणुका साधारणच होती. पण उतारावर तिला पाहायला हवं होतं तुम्ही. आम्ही सगळे जिथे बसून, घसरत, झुडपं धरत उतरायचो, तिथून ती दोन्ही हात पसरून अशी यायची की दगडांनीच तिला हातोहात खाली पोहोचवावं. खाली आली की हसत असायची. तोवर तिचे दात मी पाहिले नव्हते. चार महिन्यांत ती अद्वैतच्या कन्नडला हसू लागली, सहा महिन्यांत माझ्या. शाळेत बाईंना उलटे प्रश्न विचारते म्हणून गंगव्वाला बोलावणं आलं. गंगव्वा घाबरून गेली आणि परत आली ती गोंधळून. बाई रागावल्या नव्हत्याच. "पोरगी हुशार हाय म्हणतात," एवढंच ती पोळ्या लाटता लाटता पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सी विंगवाल्यांनी बाळासाठी तगादा लावला तेव्हा अक्का गंगव्वाला म्हणाल्या, "एकदा तिला उतारावर बघ. मग काय ठरवायचं ते ठरीव." गंगव्वा एका रविवारी व्हॅनमध्ये बसून आली. टेकडीच्या पायथ्याशी, चपला हातात घेऊन उभी राहिली. रेणुका वरून सुटली आणि समोर येऊन थांबेपर्यंत गंगव्वाने तोंडावरचा पदर काढला नाही. बाळाच्या कामाचा विषय नंतर घरात निघाला नाही.

अशा बाईचं पूर्वायुष्य विचारायचा मोह होतोच. मी विचारलं. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. "म्हशीमागं पळायचो जंगलात. कुणीतरी बघितलं आणि ट्रॅकवर नेऊन सोडलं. राज्यापातूर गेलो. मग गुडघा गेला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या लोकांनी पुढच्या तिघी तेवढ्या बघितल्या. मी चौथी. घरला जा म्हणाले. गाडीचं तिकीट बी हातात दिलं न्हाई." आणि शेंगांची टरफलं झटकून उठल्या. त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल एवढंच ऐकलं. पण त्या पळण्यात नंबर का काढत नाहीत, पुढे कोण आलं ते कधी का सांगत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच कधीतरी त्यांनी मला काम दिलं.

"अण्णा, तुमाला पळाय येत न्हाई."

"नाही येत."

"ते बरं हाय. तुमी मागं ऱ्हावा. जे पोरगं शेवटी असंल त्याच्या मागं. ते बसलं तर तुमी बसायचं. ते रडलं तर उभं ऱ्हायचं. पण त्याच्या पुढं जायचं न्हाई. काय बी झालं तरी."

मला एक भगवं जाकीट आणि एक शिट्टी मिळाली. आधी अपमान वाटला, मग हळूहळू अभिमान. ऑफिसात माझ्या हाताखाली तीस माणसं होती, पण एवढं सरळ, एवढं महत्त्वाचं काम मला कोणी दिलं नव्हतं. आठ-नऊ महिने मी ते केलं. लहान पोरांच्या नाड्या बांधल्या, कुणाच्या पायातला काटा काढला, एकाला उलट्या झाल्या तेव्हा त्याची पाठ चोळत बसलो. या काळात अद्वैत घरी दार उघडं ठेवून झोपायला लागला होता. जेवताना बोलायचा. एकदा तर म्हणाला, "बाबा, तू मागे असलास ना, की सगळ्यांना बरं वाटतं." हे वाक्य मी बायकोला दोनदा सांगितलं.

आता तो रविवार सांगायलाच हवा.

टेकडी खडकाळ होती. एका बाजूने चढायचं, माथ्यावरून थोडं चालायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. तिथे व्हॅन उभी. पुढे अक्का, मध्ये मुलं, मागे मी. त्या दिवशी रेणुका शेवटी राहिली, कारण चढावर तिच्या बुटाचा तळ उसवला. माथ्याच्या थोडं खाली एका खडकावर बसून ती तो सुतळीने बांधत होती आणि मी शेजारी उभा होतो.

माझा फोन वाजला. ऑफिसचा. आदल्या दिवशी अमेरिकेतल्या ग्राहकाकडे आम्ही एक मोठं काम सोपवलं होतं आणि ते कोसळलं होतं. आवाज तुटत होता. नेटवर्क हवं तर माथ्यावर जायला हवं होतं.

"तू बांधून ये, मी इथे वरच आहे," मी रेणुकाला म्हणालो.

"सरी अंकल," ती मान वर न करता म्हणाली.

माथ्यावर मी किती वेळ बोललो ते मला माहीत नाही. घड्याळ डब्यात होतं. बोलत बोलत, फेऱ्या मारत मी खडकाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचलो. फोन संपला तेव्हा उताराची वाट माझ्या पायाशी होती आणि खाली व्हॅनपाशी मुलांचे रंगीत ठिपके दिसत होते. माझी पाठ होती तेव्हा रेणुका पुढे निघून गेली असणार, असं मला वाटलं. तसं मला खरंच वाटलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं एवढंच आहे की मी मागे वळून पाहिलं नाही.

खाली अक्का मुलांच्या डोक्यावर हात ठेवत मोजत होत्या. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस.

"रेणुका कुठं हाय?" त्या माझ्याकडे वळल्या. "अण्णा, तुमच्या मागं कोण ऱ्हायलं काय?"

वीस जणांसमोर, माझ्या मुलासमोर मी म्हणालो, "सगळे माझ्या पुढे होते."

चार शब्द. आणि त्यामुळे सगळे पुढच्या बाजूला शोधायला लागले. उतारावर, खालच्या झुडपांत, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती पुढे येऊन कुठेतरी वाट चुकली असेल, असाच सगळ्यांचा समज झाला. तो मी करून दिला होता. ऊन वर आलं. मीही घसा फोडून हाका मारत होतो. आता सांगू, असं दर दोन मिनिटांनी मनात येत होतं, आणि प्रत्येक दोन मिनिटांनी सांगणं आणखी अवघड होत होतं. दोन तास गेले. मग अक्का वळल्या आणि टेकडी परत चढू लागल्या. आम्ही आलो होतो त्या बाजूला जायला.

तासाभराने त्या उतारावर दिसल्या. रेणुका पाठीवर. तिच्या पायाला दोन काटक्या लावून ओढणी गुंडाळलेली. पन्नाशीला आलेली, एक गुडघा गेलेली बाई त्या उतारावरून एवढ्या मोठ्या मुलीला घेऊन पाऊल चाचपत उतरत होती. मी धावत पुढे गेलो. "मी घेतो, मी घेतो," म्हणालो. अक्कांनी मान हलवली. रेणुकाने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

मी दिसेना म्हणून ती घाईने निघाली होती. खडकावर चुकीच्या बाजूला वळली आणि दोन शिळांमधल्या फटीत पडली. हाड मोडलं होतं आणि घोट्याचा सांधा निखळला होता. इतका वेळ तो तसा राहायला नको होता, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण घोटा पुरता वाकेना. चालता येईल, उतारावर पळायचं मात्र विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच आठवड्यात क्लबहाउसमध्ये पालकांची सभा झाली. आवाज चढले. परवानगी कोणाची होती, जबाबदार कोण, उद्या आमच्या मुलाला काही झालं असतं तर. अक्का भिंतीशी उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मोजायचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय."

"पण शेवटी कोण होतं?" कोणीतरी विचारलं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय असं माहीत असलं की शिक्षक जसे थोडं थांबतात, तशा त्या थांबल्या. मी बुटांकडे पाहत राहिलो.

"पोरं माझी होती," त्या म्हणाल्या. "पुढचं-मागचं सगळं माझं."

रविवारचं पळणं बंद झालं. शाळेनेही त्यांना कामावरून काढलं.

गंगव्वा पंधरा दिवसांनी परत कामाला आली. ऑपरेशनच्या दिवसांत मी बरीच धावपळ केली होती. डॉक्टरांशी बोललो, गाडीने ने-आण केली. "साहेब देवासारखे उभे ऱ्हायले," असं ती माझ्यासमोर माझ्या बायकोला सांगायची. आणि मग पोळी तव्यावर आपटत म्हणायची, "त्या बाईचं मात्र कधी भलं व्हायचं न्हाई. माझ्या पोरीचा पाय खाल्ला तिनं. मरताना पाणी द्यायला कोण मिळायचं न्हाई तिला." मी तिथेच टेबलाशी बसून ती पोळी खायचो. गरम, तूप लावलेली. एक दिवस नाही, कितीतरी दिवस.

अद्वैतने एकदाच विचारलं. "बाबा, तू रेणुकाच्या मागे होतास ना?"

"एक मिनिट फोन आला होता," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने कुणाला सांगितलं नाही. दार पुन्हा बंद झालं, आणि या वेळी मेसेज केला तरी उत्तर यायचं नाही. आता तो दुसऱ्या शहरात शिकतो. फोन आईला करतो.

अक्का खानापूरला परत जायच्या आधी एकदा भाजीच्या गाडीवर भेटल्या. पिशवीत एक गड्डा कोबी होता.

"अद्वैत पळतोय काय?"

"नाही. अभ्यास असतो."

"हूं." त्या पिशवी या हातातून त्या हातात घेत उभ्या राहिल्या. भाजीवाला सुटे पैसे द्यायला थांबला होता, तरी निघाल्या नाहीत. "अण्णा, काय बोलायचं हाय काय तुमाला?"

तुम्हाला सांगतो, बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, "नाही, नाही. काही लागलं तर कळवा."

"सरी," त्या म्हणाल्या. आठवड्याने त्यांच्या खोलीत दुसरं कुटुंब आलं.

चार वर्षं झाली. रेणुका दहावी झाली, बारावी झाली आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेली. डावा पाय किंचित ओढत चालते. शनिवारी दुपारी सरकारी शाळेतल्या पोरींना घेऊन तळ्याकडे जाते, असं ऐकलं होतं. पाहायला मी कधी गेलो नाही. ती आमच्या घरीही येत नसे.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी गंगव्वा कणीक मळता मळता म्हणाली, "ती बाई गेली. खानापूरची. पोटात गाठ हुती म्हणं." तिच्या आवाजात काही नव्हतं. तिने ताटली झाकली आणि भाजी चिरायला घेतली.

त्या शनिवारी मी तळ्यावर गेलो. रेणुका बांधावर बसली होती. मुली पलीकडे निलगिरीत शिरल्या होत्या. मी तिच्यापासून थोड्या अंतरावर बसलो आणि चार वर्षांपूर्वी जे सांगायचं होतं ते सांगितलं. फोन, माथा, मागे न बघणं, ते चार शब्द.

रेणुका म्हणाली, "अंकल, मला ठावं न्हाई काय? मीच होतो की तिथं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"अक्कांना सांगितलं होतं. त्याच दिवशी, त्यांच्या पाठीवर असताना. त्या म्हणाल्या, कुणाला बोलू नको. माणूस वाईट न्हाई. तो स्वतः सांगंल. आपण सांगितलं तर मोडून जाईल, आणि त्याच्या पोराच्या नजरेतनं बी उतरंल." ती पलीकडच्या झाडांकडे बघत होती. "दर रविवारी फोन करायच्या मला. अभ्यास विचारायच्या, पायाचे व्यायाम विचारायच्या. आणि ठेवताना विचारायच्या, अण्णा काय बोलला काय गं? मी म्हणायचो, न्हाई. बघ, बोलंल, म्हणायच्या."

तिने पुढचंही सांगितलं. सांगायला हवंच होतं.

"दीडेक वर्ष विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं."

मुली झाडीतून बाहेर आल्या. रेणुका हात टेकून उठली आणि त्यांना मोजायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी गंगव्वाला सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याने. माझी बायको दारात होती, तिनेही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. गंगव्वाने गॅस बंद केला. मला वाटलं आता ती मला काहीतरी बोलेल, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती ओट्याला टेकून हळूहळू खाली फरशीवर बसली.

"मी तिला नको नको ते बोललो, साहेब," ती म्हणाली. "पाणी मिळू नये म्हणालो. माझ्या पोरीला पाठीवर घिऊन आली ती, आणि मी..." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आता मी माफी मागायची तर कुणाकडं जाऊ?"

हातावरची कणीक तशीच ठेवून ती निघून गेली. नंतर ती आमच्याकडे कामाला आली नाही.

आठवड्याभराने फाटकाशी भेटली. मी मान खाली घालून पुढे जाणार होतो, पण तीच थांबली.

"जाऊन आलो," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिच्या गावाला. घराला कुलूप हाय. पुतण्या दुसऱ्या गावात ऱ्हातोय म्हणं." ती फाटकाच्या गजावर हात ठेवून उभी होती. "पायरीवर बसलो घडीभर. काय बोलायचं ते बोललो, आणि आलो."

ती निघाली, दोन पावलं जाऊन पुन्हा वळली.

"खानापूरहून तिथं दिवसाला दोनच गाड्या हायत, साहेब. तुमी सकाळची धरा."

सकाळची गाडी मी अजून धरलेली नाही.